कौशल्याबाईंचा मंगळ

दिवाळीची सुटी संपली की सहावीच्या वर्गाला सूर्यमालेचा धडा शिकवायचा होता, आणि कोणताही धडा शाळेत घेण्याआधी एकदा घरात शिकवून पाहायचा ही प्रतीक्षाची सवय होती. घरात ऐकायला माणूस एकच. सासरे उत्तमराव आणि धाकटा दीर गजेंद्र दिवसभर मळ्यात, नवरा बुलडाण्याला नोकरीला. राहिल्या सासूबाई. मोताळ्याच्या बाजारासाठी कौशल्याबाई ओसरीत मेथीच्या जुड्या बांधत बसायच्या आणि सून त्यांच्यासमोर उभी राहून शिकवायची. चौथीपर्यंत शिकलेल्या या विद्यार्थिनीचा एक मोठा गुण होता. कळलं नाही तर ती उगाच मान हलवत नसे.

प्रतीक्षानं त्या दिवशी मळ्यातला लाल भोपळा आणून मध्ये ठेवला.

"आई, हा सूर्य. सूर्य एवढा धरला, तर आपली पृथ्वी केवढी होईल?"

"लिंबाएवढी?"

"ज्वारीच्या बारक्या दाण्याएवढी. आणि तो दाणाही इथं नाही, तिकडं गोठ्याच्या दारात ठेवायचा. लिंबाएवढा असतो तो गुरू. तो पार रस्त्यावरच्या बोरीखाली. आणि शेवटचा नेपच्यून हरभऱ्याएवढा, तो नाल्यापलीकडं."

कौशल्याबाईंनी मान वळवून नाल्याकडं पाहिलं. "अन् मधातली जागा?"

"रिकामी."

"सारी?"

"जवळजवळ सारी. आणि दुसरा सूर्य, म्हणजे दुसरा भोपळा ठेवायचा तर लंडनच्याही पुढं जावं लागेल."

"बाप्पा! एवढं रान पडीत हाये म्हण ना."

प्रतीक्षा हसली आणि बोटांवर पुढचे ग्रह मोजू लागली. "गोठ्यापासून थोडं पुढं गेलं की मंगळ. मोहरीच्या दाण्याएवढा."

जुडी बांधणारे हात थांबले. "कोणता मंगळ? पत्रिकेतला?"

"तोच. दुसरा कुठला असणार?"

कौशल्याबाई जुडी तशीच ठेवून उठल्या. मेथीवर पाणी शिंपडून आत निघून गेल्या. प्रतीक्षाला वाटलं, धडा कंटाळवाणा झाला.

तिला ठाऊक नव्हतं, कारण घरात ते कोणी बोलत नसे. कौशल्याबाईंचं माहेर दुसरबीडकडचं. त्या लहान असतानाच पत्रिका पाहणाऱ्यानं सांगितलं होतं, पोरीला मंगळ आहे. दोन जमलेली लग्नं त्यापायी मोडली. तिसऱ्या वेळी उत्तमरावांच्या वडिलांनी, "पोरगी कामाची दिसते, बाकीचं पाहू," म्हणून होकार दिला. लग्नाला वर्ष झालं नाही तोच ते पाटाचं पाणी लावताना बांधावर कोसळले आणि गेले. डॉक्टरनं हृदयाचा झटका सांगितला. पण सासूला डॉक्टरचं कशाला पटतं! तिनं त्या दिवसापासून सुनेला नावानं हाक मारायचं सोडलं. "मंगळी" म्हणायची. म्हैस आटली, मिरचीवर रोग पडला, नणंदेच्या पोराला ताप आला, सगळं मंगळीवर. भावकीत लग्न असलं की नवरीला हळद लावायला कौशल्याबाईंना कोणी पुढं बोलवत नसे. मग त्या आपणहून चुलीपाशी जाऊन बसत. शंभर-दीडशे माणसांचा स्वयंपाक त्यांच्या हातात अशानंच आला.

उत्तमराव बायकोला त्या नावानं कधी बोलले नाहीत. आईलाही मात्र कधी अडवलं नाही. आई गेली, नाव हळूहळू विरलं. तरी कौशल्याबाईंच्या मनात ते कुठंतरी बसून होतंच.

दोन दिवसांनी त्यांनीच विषय काढला. "त्या मंगळावर काय हाये म्हणे?"

प्रतीक्षानं मोबाईल समोर धरला. तांबूस माती, काळे-तांबडे दगड, लांब एक बोडकी टेकडी. "हे फोटो तिथल्या गाडीनं काढलेत. माणूस नाही, नुसती गाडी. इथून सांगायचं, पुढं जा, दगड उचल, आणि ती जाते. पण इथला निरोप तिथं पोचायला कधी पाच मिनिटं, कधी वीस."

"हा तं मुरूम हाये," कौशल्याबाई म्हणाल्या. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं. "माह्या माहेरच्या माळावर असाच हाये. यात काही पिकते का?"

"पाणी नाही, हवा अगदी विरळ, रात्री तर बर्फाहून थंड. एकेकाळी तिथं नद्या वाहत होत्या म्हणतात. त्यांचे पाट अजून दिसतात. आपलं यानही त्याच्याभोवती फिरलंय, पहिल्याच खेपेला पोचलं होतं."

"म्हणजे तो मंगळ बिचारा आपला तिकडं थंडीनं कुडकुडत पडला हाये."

"हाव, आई. आणि त्याचं वर्ष आपल्या जवळजवळ दोन वर्षांचं. मंगळावर तुम्ही आता तीस-एकतीसच्या असत्या."

यावर अठ्ठावन्न वर्षांच्या कौशल्याबाई इतक्या हसल्या की गोठ्यातून उत्तमराव बाहेर येऊन पाहू लागले.

तेव्हापासून हा रोजचा अभ्यास झाला. बुध सूर्याच्या इतका जवळ असून शुक्र त्याच्याहून तापलेला का, हे त्यांना पटायला आठवडा लागला. शुक्राच्या ढगांची गोधडी डोळ्यांसमोर आणली तेव्हा कुठं पटलं. शनीचं नाव घेताना त्या आधी हात जोडायच्या, मग विचारायच्या, "त्याची कडी कशाची?" बर्फाच्या आणि दगडाच्या तुकड्यांची, हे ऐकून त्यांनी जोडलेले हात सोडले नाहीत, पण प्रश्न वाढवले. चुकायच्याही खूप. चंद्राला त्या बरेच दिवस ग्रहच म्हणत होत्या.

जानेवारीत प्रतीक्षाच्या शाळेनं दुर्बीण मागवली. त्या महिन्यात संध्याकाळी एकाच वेळी बरेच ग्रह दिसत होते. मावळतीला शुक्र झगझगत होता, त्याच्याजवळ शनी, डोक्यावर गुरू, आणि उगवतीला तांबडा मंगळ. तो पृथ्वीच्या जवळ आला होता, साधारण दोन वर्षांनी येतो तसा. पोरांच्या रांगेत कौशल्याबाई डोक्यावरून पदर घेऊन उभ्या राहिल्या. पाळी आली तेव्हा डोळा कुठं लावायचा ते कळेना. मग एकदम स्थिर झाल्या.

"दिसला, आई?"

"एवढासाच?"

"एवढासाच."

मागून पोरं ओरडायला लागली, आजी, आमचा नंबर! त्या बाजूला झाल्या. मैदानाच्या कडेला येऊन प्रतीक्षाला म्हणाल्या, "एवढ्याशा टिकलीनं म्हणे माह्या सासऱ्याले मारलं." हसतच म्हणाल्या. पण पदर डोळ्यांना लावला तो बराच वेळ तिथंच राहिला. घरी जाताना वाटेत त्यांनी सुनेला सगळं सांगितलं, पहिल्यांदाच.

फेब्रुवारीत गजेंद्रसाठी लोणारचं स्थळ आलं. मुलगी काजल, औषधाच्या दुकानात कामाला, बोलायला मोकळी. गजेंद्र ज्या तऱ्हेनं चहा पिता पिता तिच्याकडं पाहत होता, त्यावरून सगळ्यांना कळलं की आता बोलणी म्हणजे नुसती रीत. पण आठ दिवसांनी काजलचे वडील निवृत्ती एकटेच मोताळ्याला आले. लोणारात त्यांचं छोटं किराणा दुकान. ओसरीत बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, "उत्तमराव, नंतर कळण्यापेक्षा आधीच सांगतो. पोरीले मंगळ हाये. दोन ठिकाणं त्यापायीच गेली."

उत्तमरावांची थोरली बहीण सरस्वतीबाई तेव्हा माहेरी आलेल्या होत्या. त्यांनी तोंड फिरवलं. उत्तमराव जमिनीकडं पाहू लागले. प्रतीक्षानं मोठ्या आशेनं सासूकडं पाहिलं.

"आम्हाले नाई जमणार," कौशल्याबाई म्हणाल्या.

निवृत्ती उठून गेले. गजेंद्र त्या रात्री जेवला नाही. प्रतीक्षाला तर काही समजेना. भांडी घासताना ती अखेर बोललीच. "आई, तुम्ही? मंगळ काय आहे ते एवढं शिकल्यावर?"

"मले मंगळाचं भेव नाई," कौशल्याबाई म्हणाल्या. विसळलेली भांडी उचलून त्या आत गेल्या.

महिन्याअखेर शाळेची सहल लोणारला निघाली. बसमध्ये जागा होती, प्रतीक्षानं सासूला बरोबर घेतलं, आणि काजलला फोन करून ठेवला. हे तिनं सासूपासून लपवलं, एवढीच तिची लबाडी.

सरोवराच्या काठावर पोरांना गोळा करून प्रतीक्षा सांगत होती, की हजारो वर्षांपूर्वी आकाशातून एक प्रचंड दगड इथं आदळला, आणि त्या धडकेनं काळा खडक फोडून ही वाटी झाली. चंद्रावर आणि मंगळावर अशा वाट्याच वाट्या आहेत. तिथला खडकही असाच. म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे लोक इथले दगड नेऊन तपासतात. कौशल्याबाई खाली हिरवट पाण्याकडं पाहत उभ्या होत्या, तेवढ्यात शेजारी कोणीतरी येऊन उभं राहिलं.

"मावशी," काजल म्हणाली, "तुम्ही नाही म्हणल्या ते मंगळामुळं का?"

कौशल्याबाई दचकल्या. मग सुनेकडं एक रागाची नजर टाकून पोरीकडं वळल्या. "मंगळामुळं नाई, बाई. लोकांमुळं. उद्या घरात कोनाचं डोकं दुखलं तरी तुह्यावर येईन. म्हैस आटली तरी तुह्यावर. माही सारी जिंदगी त्यात गेली. आता तुले त्यात ढकलू काय?"

काजल म्हणाली, "लोकं तं इथंही बोलतात. दुसऱ्या घरी गेली तं तिथंही बोलतील. तुमच्या घरात निदान एक माणूस असं राहीन, ज्याले हे सारं माहीत हाये."

कौशल्याबाई पुन्हा खाली पाण्याकडं पाहू लागल्या. परतीच्या प्रवासात त्या खिडकीशी बसून होत्या. घरी पोचल्या, हातपाय धुतले, आणि ते पुसायच्या आधीच उत्तमरावांसमोर उभ्या राहिल्या.

"लोणारले फोन लावा. पण एक आईकून घ्या. तो शब्द या घरात पुन्हा निघाला नाई पाह्यजे. कोनाच्याच तोंडून."

लग्न मे महिन्यात झालं. सरस्वतीबाई आल्या, पण ओठ आवळून. हळदीच्या वेळी कौशल्याबाई सवयीनं चुलीकडं वळल्या होत्या. प्रतीक्षानं मनगट धरून त्यांना मांडवात आणलं.

आणि महिना झाला नाही तोच गजेंद्रची पिकअप मलकापूरच्या रस्त्यावर भाजीसकट खड्ड्यात गेली. गजेंद्रच्या हाताचं हाड मोडलं. वांगी रस्त्यावर सांडली, गाडीचं तोंड चेपलं. दवाखान्यातून हाताला प्लास्टर घालून त्याला घरी आणलं, तर ओसरी माणसांनी भरलेली. काजल दाराआड उभी होती. तिचा चेहरा पाहवत नव्हता.

सरस्वतीबाईंनी उसासा टाकला. "म्या म्हणलं होतं. पहिल्याच महिन्यात..."

कौशल्याबाई आतून बाहेर आल्या. आवाज चढवला नाही. "ताईबाई, गाडीचं टायर गुळगुळीत झालं होतं. मंगळ तिकडं आपल्या वाटेनं सूर्याभोवती फिरून राह्यला. त्याले आपल्या टायरचं काय माहीत?"

"तुले काय कळते त्यातलं?"

"थोडंसं कळते. नाई कळलं ते प्रतीक्षाले इचारते."

कोणीतरी हसलं, कोणीतरी खाकरलं. सरस्वतीबाई भावाकडं वळल्या, नेहमीसारखा तो गप्प बसेल या भरवशावर. उत्तमराव खाटेवरून उठले. त्यांना बोलायची सवय नव्हती, त्यामुळं शब्द जरा अडखळत आले.

"टायर बदलाचं काम माह्याकडं होतं, ताई. म्या आज-उद्या करत राह्यलो. पोरीचं नाव घेऊ नको." मग बायकोकडं न पाहता म्हणाले, "अन् बाबाही गेले ते झटक्यानं गेले. तवाच सांगाले पाह्यजे होतं म्या."

 कौशल्याबाई चहा टाकायला आत गेल्या. मागोमाग काजल गेली. आत दोघी काय बोलल्या ते कोणाला कळलं नाही. चहा मात्र फार उशिरा आला, आणि कौशल्याबाईंच्या हातचा असूनही त्यात साखर नव्हती.

सरस्वतीबाई दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं जाणार होत्या. गेल्या नाहीत. चार दिवस राहिल्या, आणि निघताना काजलच्या हातावर न बोलता बांगड्या ठेवून गेल्या. मन पुरतं वळलं असं नाही, पण तेवढं झालं.

गजेंद्रचा हात आता बरा आहे. पिकअपला नवी टायरं आली. ओसरीतला वर्ग मोठा झालाय, जुड्या बांधायला काजलही बसते. सध्या तिथं गुरूचे चंद्र चालू आहेत. परवा प्रतीक्षानं सांगितलं, की त्यातल्या एका चंद्रावर जाड बर्फ आहे, बर्फाखाली खारं पाणी असावं असं वाटतं, आणि ते तपासायला एक यान निघालेलं आहे. पोचेल दोन हजार तीसमध्ये.

"एवढा वेळ?" काजल म्हणाली.

"रान केवढं मोठं हाये, पोरी," कौशल्याबाई म्हणाल्या आणि मनातल्या मनात हिशेब करू लागल्या. "तवा मी त्रेसष्टची होईन. म्हणजे पाह्याले भेटते. प्रतीक्षा, त्या पाण्यात मासोळ्या असतील का व?"

"माहीत नाही, आई. अजून कोणालाच माहीत नाही."

"मंग बरं हाये, आपण एकटेच अडाणी नाई," त्या म्हणाल्या आणि पुढची जुडी हातात घेतली.