रावसाहेबांचं मौन आणि माझं अळू

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. नाही, तुमचे चेहरे बघूनच कळतंय मला. बरं, हसा! मी स्वतःच या फजितीवर इतकी हसले आहे की तुमच्या वाट्याला थोडंच उरलंय.

तर आमचे हे दातांचे डॉक्टर. दवाखाना मुंबईला गिरगावात आणि घर समुद्रापलीकडे नागावात, ह्यांना शनिवारी येण्यापुरतं. आणि हे एका मंडळाचे चिटणीस. मंडळाचं नाव ऐका हं, 'सर्व आशिया दंतवैद्य मंडळ'! नाव खंडाएवढं आणि कचेरी कुठे? आमच्या माजघरात, भाताच्या कणगीशेजारी!

चिटणीस हे खरे, पण चिटणिशी करायची कोणी? ह्यांना दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावण्यातून फुरसत नाही. मी पडले मॅट्रिकपर्यंत शिकलेली. मग पत्रं माझी आणि सही ह्यांची. रंगूनला, कोलंबोला, पिनांगला. सकाळी वाल सोलायचे आणि दुपारी सिंगापूरच्या डॉक्टरांना लिहायचं, 'आपलं भाषण अर्ध्या तासात आटपावं ही नम्र विनंती.' एवढा रुबाब अख्ख्या नागावात दुसऱ्या कुठल्या बाईला होता, सांगा बरं! पोस्टमन अंगणात शिरला की मला माहेरचं माणूस आल्यासारखं वाटायचं.

आणि तेच काम माझ्या हातून जायची वेळ आली.

रंगूनचे डॉक्टर घोष म्हणू लागले, मंडळाची कचेरी रंगूनला न्या. रंगूनला मोठं बंदर आहे, छापखाने आहेत. नागावात काय आहे? नारळ!

निकाल लागायचा होता नाताळच्या सुट्टीतल्या वार्षिक सभेत, आणि सभा आमच्याच ओटीवर. गोष्ट तीस सालाच्या आसपासची. मुंबईहून रेवसपर्यंत बोट आणि पुढे बैलगाड्या. गाडीतून उतरताना कोलंबोच्या डॉक्टरांनी आधी स्वतःचे दात हलत नाहीत ना ते चाचपून पाहिलं!

माझी सगळी भिस्त अध्यक्षांवर. रावसाहेब तळपदे. मुंबईचे, सत्तरीचे, आवाज असा की समुद्राने गप्प बसावं. आणि दात? अहो, मोत्याची लड! दरवर्षी ते त्याच एका विषयावर बोलायचे, 'आपले दात शेवटपर्यंत कसे टिकवावे.' रात्री जेवताना मला म्हणाले, "वहिनी, काळजी करू नका. उद्या मी अशी तोफ डागतो की कचेरी इथून हलायची नाही."

मी निश्चिंत झोपले.

आता आमच्या वाड्यांमधली एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे रहाट फिरतो तेव्हा पाणी वर येतं, म्हणून थेंब फुकट घालवत नाहीत. न्हाणीचं पाणी केळींना आणि रात्रीचं उशाचं शिळं पाणी परसातल्या अळवाला. हे शिकवावं लागत नाही, हातच आपोआप वळतो.

सकाळी रावसाहेब आंघोळीला गेलेले पाहून मी त्यांची खोली आवरायला गेले. उशाशी तांब्या, शेजारी झाकलेलं भांडं. माझा हात वळला! झाकण काढलं आणि मागच्या दारातून भांड्यातलं पाणी अळवावर भिरकावलं. टप्पकन आवाज झाला. म्हटलं, बेडूक असेल. भांडं राखेने लखलखीत घासलं, ताजं पाणी भरलं, होतं तसं झाकून ठेवलं. पाहुणचार कसा असावा? तर असा!

थोड्या वेळाने रावसाहेब ओटीवर आले ते तोंडावर उपरणं धरून.

"रावसाहेब, चहा?"

मान हलवली.

"घसा बसला का?"

पुन्हा मान. डोळ्यांत कसलीशी व्याकुळता. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या दिवशी सोमवार होता, आणि सोमवारी मौन पाळायची तेव्हा मोठ्या माणसांत रीतच पडली होती!

"अय्या! आपलं मौन आहे का आज?"

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मग इतक्या जोरात मान डोलावली की पगडी पडते की काय असं वाटलं. मी वाकून नमस्कारच केला. एवढा मोठा माणूस आणि एवढं कडक व्रत!

मग त्यांनी आतून ते भांडं आणलं. माझ्यासमोर उलटं केलं. भुवया उंचावल्या.

"पाणी होय? ते परसातल्या अळवाला घातलं. आमच्याकडे थेंब वाया जात नाही हो!" मी अभिमानाने म्हणाले.

रावसाहेबांनी डोळे मिटले. मी मनात म्हटलं, काय ही शांती!

मी लगेच सगळ्यांना सांगत सुटले. "हळू बोला हं, अध्यक्षांचं मौन आहे." आशिया खंडातले दंतवैद्य टाचा उचलून चालू लागले.

न्याहारीला मऊ शिरा केला होता. रावसाहेबांनी मोठ्या आशेने बशीकडे हात नेला. मी वरच्यावर बशी उचलली.

"अहो, हे काय करता! मौनाला उपास हवाच! आजचं पुण्य वाया जाईल ना!"

त्या शिऱ्याकडे त्यांनी जसं पाहिलं ना, तसं आमच्या ह्यांनी लग्नात माझ्याकडेही पाहिलं नव्हतं.

मग ते उठून परसात गेले आणि अळवात वाकले. पण एकटं कोण राहू देतंय? मीच लोकांना सांगितलं होतं की मोठी माणसं मौनात झाडापानांशी बोलतात. त्यांच्या मागोमाग कोलंबोचे डॉक्टर वाकले, कराचीचे वाकले. रावसाहेब ताठ झाले की सगळे ताठ! वाडीत काम करणारी हिराबाय शिंपणं सोडून बघत राहिली.

"बाय, ह्ये डागदर लोक अळवाला नमस्कार करतात का गो?"

"गप गं! चिंतन चाललंय."

"चिंतन न्हाय, त्या म्हाताऱ्याचं काय तरी हरवलंय."

"त्यांना शांती सापडली आहे, हिराबाय. जा तू, केळींचं बघ."

सभा सुरू झाली आणि मी दाराआड उभी राहिले. मत उभं राहून, तोंडी द्यायचं असा मंडळाचा नियम. तो कोणी केला? रावसाहेबांनीच! आता अध्यक्षांचं मौन, म्हणजे आमच्या बाजूची तोफ बंद. घोषबाबू खुशीत उठले. रंगूनचं बंदर झालं, रंगूनच्या गोद्या झाल्या, रंगूनचं हवापाणी झालं. ऐकणाऱ्यांच्या माना डोलू लागल्या.

म्हणजे मौनाची दवंडी पिटली मी आणि कचेरी निघाली माझीच!

मी दाराआडून खुणा केल्या, शेवटी जवळ जाऊन कुजबुजले, "रावसाहेब, थोडं सोडा ना मौन. एकच वाक्य बोला!"

त्यांनी उपरणं आणखी घट्ट धरलं. डोळ्यांत पाणी! मला वाटलं, मी त्यांचं व्रत मोडायला निघाले म्हणून दुखावले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अगं, अळूवड्यांचं बघ आता," आमचे हे मला हळूच म्हणाले. "कचेरी गेली तर गेली, जेवण तरी चांगलं होऊ दे."

डोळे पुसत मी विळी घेऊन परसात गेले. अळवाची पानं कापायला वाकले. एक पान कापलं, दुसरं कापलं, तिसरं बाजूला केलं आणि...

बुंध्याशी बसून कोणीतरी माझ्याकडे बघून हसत होतं!

वरचे खालचे सगळे दात. मोत्याची लड! नुसतं हसू, माणूस नाही!

हिराबाय मागून किंचाळली, "अगो बाय! भूत हाय भूत!"

मी तिच्या तोंडावर हात ठेवला आणि मटकन चिखलात बसले. भांडं, टप्पकन आवाज, उपरणं, शिरा... एकेक गोष्ट डोळ्यांपुढून जायला लागली. दात टिकवण्यावर भाषणं देणाऱ्या अध्यक्षांची कवळी मी अळवाला घातली होती! आणि वर त्यांना उपाशी ठेवलं होतं!

रावसाहेब तरी कोणाला सांगणार? दंतवैद्यांनी भरलेल्या घरात?

"हिराबाय," मी म्हटलं, "तू काही पाहिलं नाहीस."

"व्हय बाय. पन मी म्हनत होते ना, हरवलंय म्हनून?"

कवळी गरम पाण्याने धुतली, वाटीत ठेवली, वर केळीचं पान झाकलं. देवाचं ताम्हन घेतलं, त्यात वाटी, दोन फुलं, हळदकुंकू. आणि घोषबाबू मतं मागणार इतक्यात मी ओटीवर गेले.

"क्षमा करा. रावसाहेबांचा मौन सोडायचा मुहूर्त झाला आहे. प्रसाद आणलाय."

रावसाहेबांनी पानाची कड उचलली. माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. ते उठले, अंगणात उतरले, तुळशीकडे तोंड करून उभे राहिले, उपरण्याआड प्रसाद घेतला आणि वळले.

"सभासदहो!"

काय आवाज लागला म्हणता! छपरावरची कबुतरं उडाली. सकाळपासूनची भूक, राग, घुसमट, सगळं त्या भाषणात आलं. कचेरी चालते ती बंदरावर नाही, पत्रांना वेळेवर उत्तर देणाऱ्या माणसावर, आणि असं माणूस नागावात आहे, असं ते म्हणाले तेव्हा घोषबाबूंनीसुद्धा टाळी वाजवली. कचेरी राहिली. माझ्या माजघरात, कणगीशेजारी! कोलंबोचे डॉक्टर मला बाजूला घेऊन विचारू लागले, "वहिनी, त्या प्रसादात कोणती मुळी होती हो?"

जेवताना रावसाहेबांनी अळूवड्या चौथ्यांदा मागून घेतल्या. त्या कुठल्या अळवाच्या, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

दुपारी आभाराच्या वेळी ते पुन्हा उठले. म्हणाले, पत्रं वहिनी लिहितात हे आपल्या सगळ्यांना अक्षरावरून ठाऊक आहे, तर त्यांना मंडळाच्या सहचिटणीस करावं. टाळ्या! मला तर आभाळ ठेंगणं झालं. "आणि," ते पुढे म्हणाले, "माझा एक ठराव आहे, तो नव्या सहचिटणीसबाईंनीच वाचावा."

कागद माझ्या हातात आला. त्यावर रावसाहेबांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'यापुढे सभेस आलेल्या सभासदांच्या उशाचं पाणी सभासदांनीच टाकावं. यजमानीणबाईंनी भांड्याला हात लावू नये.'

घोषबाबूंनी विचारलं, "पाण्याचा आणि दंतवैद्यकाचा संबंध काय?"

"फार जवळचा आहे," रावसाहेब म्हणाले आणि सगळे दात दाखवून हसले.

माझी ती पहिली कामगिरी. सगळा आशिया खंड कान देऊन बसलेला. मी तोंडावर पदर दाबून उभी, हसू आवरेना की लाज आवरेना, आणि तोंडातून शब्द फुटेना.

तेव्हा आमचे हे, ज्यांना आजतागायत यातलं काही माहीत नाही, सगळ्यांसमोर म्हणाले, "अगं, वाच ना! का आता तुझं मौन सुरू झालं?"