सोमवारचा मुरूम

माझ्या काकाचा मला आजही राग येतो. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. त्याला मरून पुष्कळ वर्षं झाली, तरी मी बोलणार. आणि बोलता बोलता, ज्याच्यावर त्याहून जास्त राग आहे, त्याच्यापर्यंतही येईन.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा आर्णीपासून दोन कोसांवर. पूर्वी आमची माणसं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायची. माझ्या बापाच्या पिढीत सगळे शेतीला लागलेले होते. नायक म्हणजे तांड्याचा पिढीजात मुखिया. मृग लागला की प्रत्येक घरच्या माणसाने आधी त्याच्या वावरात पेरणी करायची, मग आपल्या. आपल्या जमिनीची ओल उडून गेली तर गेली. याला बेगार म्हणत आणि कोणी चकार शब्द काढत नसे.

शब्द काढला तो काकाने, बापाच्या धाकट्या भावाने. आमचा जिल्हा छप्पन साली मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या मृगात तो नायकाच्या ओट्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आमी काय तुये बैल आहो? उद्यापासून कोनी येनार नाही." माझा बाप त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. दुसऱ्या दिवशी खरंच कोणी गेलं नाही. त्या साली तांड्याने पहिल्यांदा आपापली पेरणी वेळेवर केली. मी तेव्हा शाळेत होतो आणि काका मला देवासारखा वाटायचा. हे आता कबूल करताना तोंड कडू होतं.

ग्रामपंचायत आली आणि काका बिनविरोध सरपंच झाला. वर्षभर बरं चाललं. मग पांदण रस्ता काढायचं ठरलं, वावरापर्यंत बैलबंडी जाईल असा. दर सोमवारी घरटी एक माणूस, खदानीतून मुरूम खणायचा आणि घमेल्याने टाकायचा. नाव श्रमदान. रस्ता तांड्यातून निघाला तो काकाच्या वावरापर्यंत आला आणि थांबला. पुढे आमची वावरं होती, तिथे गुडघाभर चिखल तसाच. मग काकाच्या विहिरीभोवती मुरूम टाकायचं निघालं, मग त्याच्या गुरांच्या कोठ्यापुढे. काका बाजेवर बसून कोण आलं, कोण नाही ते पाहायचा. ती बाजही म्हाताऱ्या नायकाची होती. तो मेल्यावर काकाने त्याच्या पोरांकडून उचलून आणली होती. आगीतून निघून आम्ही फुफाट्यात पडलो होतो.

माझ्या बापाचा डावा गुडघा कामातून गेलेला होता. तरी तो दर सोमवारी लंगडत जायचा, एकही चुकवत नसे. मला त्याची कीव यायची आणि संतापही यायचा.

तोवर मी यवतमाळला कॉलेजात होतो. पदवीला तेव्हा चार वर्षं लागत. तिसऱ्या वर्षी इंग्रजीला एक पुस्तक लागलं. जनावरं मालकाला हाकलून देतात आणि ज्या डुकरांनी पुढारपण केलं, तीच शेवटी मालकाच्या घरात जाऊन बसतात. आमचे सर यवतमाळातल्या जुन्या वकिलांच्या घरातले. त्यांनी फळ्यावर एका बाजूला जनावरं लिहिली, दुसऱ्या बाजूला परदेशातल्या पुढाऱ्यांची नावं, आणि म्हणाले, "एवढं पाठ करा. ही दुसऱ्या देशाची गोष्ट आहे. आपल्याकडे याचा संबंध नाही." मी मागच्या बाकावर दातओठ खात होतो. दुसरा देश म्हणे. मला तर पानोपानी ती बाज दिसत होती.

दिवाळीच्या सुटीत एसटीने घरी गेलो. भर दुपारी बा अंगणात वेचलेल्या कापसातला पालापाचोळा काढत बसला होता. मी समोर बसलो आणि सगळी गोष्ट आमच्या गोरबोलीत सांगितली. इथे ती बोलणी वऱ्हाडीत लिहितो. भल्ला हुशार मी, मला वाटलं बापाचे डोळे आता खाडकन उघडतील.

त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग? यात वंगाळ काय झालं?"

"बा, डुकरं काही कामच नाही करून राह्यली. बसून खाऊन राह्यली."

"समोरच्या बैलावर कोनी लादत नसते," बा म्हणाला.

ही आमची जुनी रीत. लदनीच्या, म्हणजे बैलांवर माल लादून हिंडायच्या काळात कळपापुढे देवाला सोडलेला एक बैल चालायचा. गळ्यात घुंगरं, पाठीवर काही नाही. चारा आधी त्याला, पाणी आधी त्याला. तो थांबेल तिथे तांडा थांबायचा. म्हणजे मी एवढी जीव तोडून गोष्ट सांगितली आणि माझ्या बापाने डुकरांना देवाच्या बैलाच्या जागी नेऊन बसवलं.

माझं टाळकं सरकलं. "तुयासारख्या बैलांपायीच आपन असे राह्यलो," मी म्हणालो. बापाला तोंडावर बैल म्हणालो. तो कापूस निवडत राहिला. मग म्हणाला, "तुयी डुकरं समोर चालत होती का?"

"कुठं समोर?"

"वाटेत दलदल आली, वाघ आला, त पयला पाय देवाच्या बैलाचा पडे. म्हनून त्याच्यावर लादत नसत. तुयी डुकरं पयला पाय टाकत होती का?"

"नाही. थे घरात बसून राहत."

"मंग थे समोरचे बैल नोहेत," बा म्हणाला. "थे नुसतेच बैल. लादाचे राह्यलेले."

वर्गात हे कोणी सांगितलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी मी मुद्दाम त्याच्याबरोबर गेलो. बाने घमेलं मुरमाने भरलं, डोक्यावर घेतलं, आणि कोठ्याकडे जायचं सोडून सरळ बाजेपाशी जाऊन काकाच्या पायांशी ठेवलं. "पयलं घमेलं तू टाक," तो म्हणाला. "मंग आमी टाकतो." सगळ्यांचे हात थांबले. काका हसला. "भाऊ, ऊन लागलं काय तुले? घरी जाय, आराम कर." बा घरी आला. आणखी दोघांनी घमेली खाली ठेवली होती. काकाने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि त्यांनी ती परत उचलली. बा त्या दिवशी भर दुपारी पाय लांब करून निजला. माझी छाती फुगली होती. मला वाटलं, हे मी केलं.

कॉलेज उघडलं. फीमाफीच्या अर्जाला दर सहामाहीला सरपंचाचा दाखला लागायचा, या मुलाचं घर गरीब आहे असा. आजवर बा तो सही करवून पाठवायचा, मी कधी काही विचारलं नव्हतं. या खेपेला आला नाही. कारकून म्हणाला, महिनाअखेर आणून दे, नाही तर नाव कमी होईल. मी धावत तांड्यावर आलो. काका बाजेवरच होता.

"दाखला?" तो म्हणाला. "तुया बापाले ईचार. बाकीचे लोक एक सोमवार येत, दोन चुकवत. थो एक नाही चुकला. काहून नाही चुकला? तुले नाही सांगतलं त्यानं?"

मला तेव्हाच ती बाज उलथून टाकता आली असती. मी जवान होतो, अंगात जोर होता. मी तिथून निघालो आणि घरी आलो. बा दोर वळत बसला होता. आणि मी माझ्या बापावर ओरडलो. "कायले नडला तू त्याले? तुया एका घमेल्यापायी माही तीन वर्सं पान्यात चालली."

त्याने दोर खाली ठेवला. "तूच त सांगतली थे गोष्ट."

"थे पुस्तक होतं, बा," मी म्हणालो. "थे दुसऱ्या देशाचं होतं."

सोमवारी बा परत मुरूम टाकायला गेला. मी त्याला जा म्हणालो नाही आणि जाऊ नकोही म्हणालो नाही. दुपारी काकाने सही केली. दाखला खिशात घालून मी एसटीकडे निघालो तेव्हा बा कोठ्यापुढे घमेलं रिकामं करत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी बस चुकेल म्हणून भरभर चालत राहिलो. त्यानंतर दीड वर्ष, माझी पदवी हाती येईपर्यंत, त्याने एकही सोमवार चुकवला नाही.

त्याच तिसऱ्या वर्षी कॉलेजच्या परीक्षेत त्या पुस्तकावर प्रश्न आला. पुढारी आणि मालक यांत फरक काय, असा काहीसा. मी लिहिलं की पुढारी तो, जो दलदलीत पहिला पाय टाकतो; बाकीचे नुसते लादायचे राहिलेले बैल. सरांनी ते उत्तर वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं आणि मला उभं करून विचारलं, "हे कुठे वाचलंस?"

"कुठेच नाही, सर," मी म्हणालो. "माझंच आहे."