सुमनबाईची थरथर

असोद्याच्या आमच्या गल्लीत जीवराम पाटील यांचे घर माझ्या घराला लागून आहे. त्यांची पत्नी सुमनबाई हिची हकीगत मी लिहीत आहे. प्रौढ साक्षरता वर्गात उतारवयात अक्षरे शिकल्यानंतर, लिहिण्याजोगे आपल्याजवळ काय आहे असा विचार केला, तेव्हा हीच हकीगत प्रथम मनात आली. जे पाहिले व ऐकले तेवढेच लिहितो.

सुमनबाई केळीच्या बागेत पुरुषाच्या बरोबरीने राबणारी बाई होती. सन १९८६ च्या उन्हाळ्यात तिची प्रकृती विचित्र झाली. जेवण वाढले, परंतु अंग वाळू लागले. डोळे मोठे दिसू लागले. झोप नाहीशी झाली. हात तर इतके थरथरत की तांब्यातील पाणी ओठांपर्यंत पोहोचण्याआधीच सांडत असे.

त्याच श्रावणात जीवरामच्या घरी कानबाई बसली. खानदेशात नारळाला डोळे व नथ लावून या देवीची स्थापना करतात, भाऊबंद मिळून रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे, जेवण करतात आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत देवीला पाण्यावर पोचवतात. आरतीच्या वेळी उकाडा होता, डफ वाजत होते, आणि सुमनबाईच्या हातातील ताट खणखण वाजू लागले. मग सर्व अंगच थरथरले. बायका ओरडल्या, "माय आली!" तिच्या कपाळावर मूठभर कुंकू फासले गेले व तिला प्रश्न विचारले जाऊ लागले. तिची सासू इंदिराबाई शेजारी बसली आणि देवीच्या मनात काय आहे ते सर्वांना सांगू लागली. त्या दिवसापूर्वी इंदिराबाईला गल्लीत कोणी काही विचारीत नसे.

कानबाई पाण्यात गेली, थरथर गेली नाही. देवी बारा महिने अंगात राहत नाही, हे सर्वांना ठाऊक होते. त्यामुळे हिवाळ्यात सुमनबाईने चिडून जीवरामच्या अंगावर ताट भिरकावले, तेव्हा जी देवी होती ती वेडी ठरली. जळगावी ओळखीचे लोक भेटतात, म्हणून तिला धुळ्याच्या एका दवाखान्यातील मनोविकाराच्या वॉर्डात नेले. वडीलधारा म्हणून मी बरोबर गेलो.

तेथील डॉक्टरीणबाईंनी तिला हात पुढे धरण्यास सांगितले आणि बोटांवर एक कागद ठेवला. कागद फडफडला. मग तिला पाण्याचा घोट गिळण्यास सांगून तिच्या गळ्याला हात लावला. रक्ताची तपासणी झाली. नंतर त्या आम्हाला म्हणाल्या, "यांच्या गळ्यातली ग्रंथी फार जोरात काम करते आहे. ती शरीराला पळवते आणि शरीर मनाला पळवतं. रोज गोळी घेतली की थरथर थांबेल. गोळी बंद केली की पुन्हा सुरू होईल."

हे वाक्य इंदिराबाईने नीट ऐकून ठेवले.

सुमनबाई सुधारली. अंगावर मांस आले, झोप येऊ लागली, ती पुन्हा बागेत जाऊ लागली. पुढील श्रावणात कानबाईसमोर तिने आरती ओवाळली, तेव्हा ताट स्थिर होते. बायका बराच वेळ वाट पाहत बसल्या.

शेवटी शेजारची कुंदाबाई उठत म्हणाली, "काय व इंदिराअक्का, मायनं तुमचं घर सोडलं वाटतं?"

दुसरी म्हणाली, "दवाखान्यात सुया टोचल्या न! मायले बी सुईचं भेव वाटलं असीन."

बायका हसल्या. इंदिराबाईचा चेहरा मी पाहिला. त्यानंतरच्या श्रावणापूर्वी तिने गोळ्यांचा डबा उचलून स्वतःच्या पेटीत ठेवला व कुलूप लावले. सुमनबाई रडत माझ्याकडे आली, म्हणून मी इंदिराबाईकडे गेलो.

"अक्का, ते दुखणं आहे. गोळ्या देऊन टाका."

"डॉक्टरीणच बोलली न, नाना. गोळी बंद केली का थरथर येते. मंग थरथर आली म्हंजे मायच आली. मी काय खोटं बोलू राह्यली?"

"माय आली, तर मग ती हिवाळ्यात वेडी कशी झाली?"

"तव्हा आम्ही मायची सेवा नही केली."

जीवराम ओट्यावर बसून होता. तो एवढेच म्हणाला, "आईपुढं मले बोलता येत नही, नाना."

कानबाईच्या दिवशी थरथर पूर्वीपेक्षा अधिक जोराने आली. घर बायकांनी भरून गेले. सुमनबाई धापा टाकीत ओरडली, "मी माय नही! मी सुमन आहे! माह्या गोळ्या द्या मले!"

"माय कोपली, पाय धरा!" कुंदाबाई म्हणाली. इंदिराबाईने अर्थ सांगितला, "माय म्हन्ते, घरात कोनाचा तरी विटाळ झाला आहे." सर्वांनी हात जोडले. सुमनबाईची छाती धडधडत होती, ती कोसळली, आणि मग मात्र जीवराम तिला घेऊन धुळ्याच्या त्याच दवाखान्याकडे धावला.

तेथे ती वाचली. पुढील हकीगत तिनेच मला नंतर सांगितली. घरी पाठवण्याची वेळ आली तेव्हा तिने डॉक्टरीणबाईंचे पाय धरले. "बाई, मले वेडी लिहा. शहानी म्हनून घरी धाडू नका."

बाई म्हणाल्या, "चांगल्या माणसाला इथं ठेवता येत नाही हो." त्यांनी जीवरामला पुष्कळ समजावले. त्याने मान डोलावली.

न्यायला आलेल्या इंदिराबाईला सुमनबाई वॉर्डाच्या व्हरांड्यात म्हणाली, "आत्याबाई, मले गोळ्या खाऊ द्या. श्रावणात मी घुमून दाखवीन."

"खोटं घुमशीन?"

"तुम्हाले खरं पाह्यजे का लोक पाह्यजे, ते सांगा."

इंदिराबाईने व्हरांड्यात कोणी ऐकत नाही ना ते पाहिले. मग म्हणाली, "कोनाले कळू देऊ नको."

तेव्हापासून सुमनबाई रोज गोळी घेते आणि दर श्रावणात घुमते. ती फार चांगली घुमते. पहूर-पाचोऱ्याहून बायका पोरांना तिच्या पायावर घालण्यास येतात. ज्यांना तिने मुलगा होईल असे सांगितले व झाला नाही, त्या रडत परत येतात. अशा दिवसांनंतर ती जेवत नाही. स्वतःचे हात चुलीच्या उजेडात धरून पाहत बसते.

यंदा कानबाई पोचवून झाली, तरी तिचे हात थांबेनात. आम्ही पुन्हा धुळ्याला गेलो. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले. रक्त निर्दोष होते व गळाही निर्दोष होता. त्यांनी पुन्हा पुन्हा पाहिले आणि म्हणाल्या, "या वेळी शरीरात काही नाही. हे मनाचं आहे. घरी काही त्रास आहे का यांना?"

सुमनबाईने जीवरामकडे पाहिले.

"नही, बाईसाहेब," जीवराम हात जोडून म्हणाला, "तिले त आम्ही देवीसारखं ठेवतो."