पाचवी गोळी

तांड्यावर केशरबाईला सारे भ्यायचे. मानोऱ्याजवळच्या त्या साठ घरांच्या वस्तीत ती नऊ वर्षांपासून आशाताई. कुणाला ताप आला की बोट टोचून रक्त घ्यायची, आणि गोळी द्यायची ती समोर उभी राहून. हातात गोळी ठेवून निघून जाईल ती केशरबाई कसली! "गीळ. तोंड उघड. जीभ वर कर." सोयरा असो की सरपंच, जीभ वर केल्याशिवाय सुटका नव्हती.

या हेक्यानं तिनं माणसं वाचवलीही होती, खोटं कशाला बोलायचं? धनसिंगच्या बायकोला, नानीबाईला, दोन वर्षांमागं टीबी झाला. औषध सुरू झालं आणि लघवी लाल. बिचारी रडतच आली, "बाई, मी मरून राह्यली वं!" केशरबाई खदखदून हसली. "अवं येडे, औषध लागू पडल्याची खूण हाय हे. रंग गोळीचा हाय, रक्ताचा नाही. भेऊ नको." सहा महिन्यांत नानीबाई ठणठणीत झाली, आणि बाईचा शब्द तिच्या मनात पक्का बसला.

यंदा श्रावणात धनसिंगला हिवताप निघाला. ताप पुन्हा उलटू नये म्हणून चौदा दिवस रोज एक गोळी घ्यायची होती. केशरबाई रोज सकाळी हजर. चार दिवसांत ताप उतरला, पण गडी काही उभा राहीना. "ताप गेला की अंग मोडतेच," ती म्हणाली.

पाचव्या दिवशी धनसिंग बाजेवरून उठेचना. डोळे पिवळे, ओठ पांढरेफटक. केशरबाईला वाटलं, गोळी चुकवायचं सोंग! "नखरे नको करू, धनसिंगभाऊ. तोंड उघड." त्यानं गुमान गोळी जिभेवर घेतली. तेवढ्यात नानीबाई पाण्याचा गडू घेऊन आली, हसत हसत.

"बाई, यायले तं माह्याहून लवकर गुण आला. माही नुसती लाल होत होती, यायची परवापासून काळी होऊन राह्यली. पार कोऱ्या चहावानी! हे भेत होते. म्या म्हनलं, बाईनं सांगतलं हाय, भ्याचं नाही."

केशरबाईला एकदम आठवलं. लघवी काळी दिसली की गोळी तिथंच बंद करायची! ट्रेनिंगमध्ये डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं, गोळ्यांच्या कार्डाच्या मागं छापलेलंही होतं. आणि ती? पाच दिवस नुसत्या जिभा बघत बसली. एका शब्दानं विचारलं नाही.

"थुंक!" ती किंचाळली. "धनसिंगभाऊ, थुंक ते!"

केशरबाईच्या तोंडून असा शब्द आजवर कुणी ऐकला नव्हता. धनसिंग गांगरला, आणि गांगरून त्यानं गोळी गिळली. मग सवयीनं तोंड उघडून जीभ वर केली.

गाडी बोलावून त्याला वाशीमला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, काही जणांच्या रक्ताला ही गोळी सोसतच नाही, तांबड्या पेशी फुटतात आणि लघवीवाटे जातात. रक्त पाचवर आलं होतं, किडनीही बसायला लागली होती. केशरबाई भिंतीला टेकून ऐकत राहिली. आपल्या हातानं! रोज सकाळी, आपल्या हातानं!

चार पिशव्या रक्त चढलं, तीनदा डायलिसिसच्या मशीनवर घेतलं. धनसिंग वाचला. एकोणीस दिवसांनी घरी आला तेव्हा अर्धा तांडा अंगणात जमला होता. केशरबाई कोपऱ्यात उभी होती. नानीबाई सरळ तिच्यापाशी आली. राग नव्हता हो तिच्या आवाजात, नुसतं विचारायचं म्हणून विचारलं.

"बाई, मंग माह्या टायमाले भेऊ नको काहून म्हनलं होतं?"

"तुही गोळी येगळी होती, नानी," केशरबाई म्हणाली. "अन् हे मी तुले सांगतलंच नाही. माह्यं चुकलं." आणि साऱ्या तांड्यासमोर ती ओक्साबोक्शी रडली.