'सखी' गटातल्या मिशा

कोडोलीची हाफिजा आपल्या लहानशा दुकानात बायकांचे कपडे शिवते. लेकीनं, सदफनं, नवा फोन घेतल्यावर जुना आईला दिला आणि त्यात बघून हाफिजा नव्या तऱ्हेचे गळे कापायला शिकली. गावातल्या बायकांच्या 'सखी' या व्हॉट्सअॅप गटावर तिनं एकदा कळवलं, "ब्लाउज तयार हायती, येऊन घालून बघा." चौतीस अंगठे आले. बाई एकही फिरकली नाही.

दोन दिवसांनी नंदिनी पाटील दुसरं कापड घेऊन आली. निरोप तिला ठाऊकच नव्हता. "माझा फोन व्हय? त्यो ह्यांच्या खिशात असतोय की."

पुढं एका संस्थेनं बायकांसाठी ऑनलाइन शिबिर ठेवलं, 'मोबाइल माझ्या हाती'. हाफिजा मशीन थांबवून वही घेऊन बसली. शिकवणाऱ्या भैरवी मॅडमनी विचारलं, "सगळ्या ताई इतक्या शांत का?"

हाफिजा म्हणाली, "मॅडम, एकदा सगळ्यास्नी कॅमेरा लावायला सांगा की."

मॅडमनी सांगितलं आणि पडदाभर मिशा उगवल्या. 'सौ. नंदिनी पाटील' या नावावर कृष्णात पाटील बनियनवर चहा फुंकत होते. 'चिमणाबाई' दाढी खाजवत होत्या. मॅडमना अहवालात बायकाच दाखवायच्या होत्या. त्या घाईनं म्हणाल्या, "नेटवर ताण येतोय, कॅमेरे बंद करा."

महिन्याभरात 'डिजिटल सक्षम महिला' अशी प्रमाणपत्रं आली. सगळ्यांना मिळाली, हाफिजाला नाही. तिनं म्हणे शिबिरात अडथळा आणला. हाफिजाला ते झोंबलं. ती तयार ब्लाउज घेऊन थेट नंदिनीच्या दारात गेली आणि शिबिरात काय बघितलं ते सांगून आली.

संध्याकाळी नंदिनीनं नवऱ्यापुढं हात पसरला. "फोन द्या."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"प्रमाणपत्र आलंय की. सक्षम झालोय मी."

कृष्णातरावांनी फोन दिला, पण लॉकचा नंबर सांगितला नाही. दुसऱ्या दिवशी नंदिनी आणि हाफिजा दोघींनी शिलाईच्या दुकानात नाना आकडे घालून बघितले. फोन काही उघडला नाही. नंदिनीनं तो तसाच कमरेला खोचला आणि कामाला लागली. दिवसभर तो वाजत राहिला. उचलला की ती सगळ्यांना सांगे, "ह्यो नंदिनीचा फोन हाय. तुमी कोन?"

तिसऱ्या दिवशी नंदिनी हाफिजाकडं असताना कृष्णातराव दुकानाच्या पायरीशी आले, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच बायकोला लॉकचे चार आकडे सांगितले.

"मोठ्यानं सांगा की पावणं," हाफिजा मशीनवरनं ओरडली, "मशीन चालू हाय, ऐकू येत न्हाय!"