फोटोतला डावीकडून चौथा

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांत रमणारा मी माणूस नाही. ठाकूरद्वारला आमच्या वाडीतल्या विहिरीवर म्हणे एक बाई दिसायची... मी मुद्दाम तिथेच अभ्यासाला बसत असे, कारण तिच्या भीतीनं दुसरं कोणी फिरकत नसे. त्यामुळे खालची हकिकत वाचून 'काकांना भास झाला असेल' असं कोणाला वाटलं, तर मी भांडायला येणार नाही. मी स्वतःला बरीच वर्षं हेच सांगत होतो.

रेल्वेला शंभर वर्षं झाली त्या सालची गोष्ट. मी चोवीस वर्षांचा, रेल्वेच्या एका ऑफिसात नुकताच चिकटलेला कारकून. शताब्दीनिमित्त आमच्या ऑफिसनं परळच्या एका मैदानात मांडव घालून छोटंसं प्रदर्शन भरवलं होतं. जुने सिग्नलचे दिवे, तिकिटावर तारीख छापायचं मशीन, आतून दिसावं म्हणून उभा कापलेला बॉयलर आणि फोटोच फोटो. फोटोंखाली पाट्या इंग्रजी आणि हिंदी. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ अजून रस्त्यावर यायची होती, पण आमच्या वाडीतल्या गॅलरीत दुसरा विषय नसे आणि माझं डोकं त्यानं चांगलंच तापलेलं. मी साहेबांना म्हटलं, परळमध्ये प्रदर्शन आणि मराठी पाटी नाही, हे शोभत नाही. ते शांतपणे म्हणाले, मग तुम्हीच लिहा. अशा रीतीनं चळवळीतला माझा वाटा म्हणून शंभरेक पाट्या माझ्या गळ्यात पडल्या.

एका फोटोपाशी मात्र मी अडलो. घाटातली लाइन, हातात पहारी घेऊन ओळीनं उभे अकरा मजूर आणि मधोमध खुर्चीवर गोरा साहेब. फोटो पस्तीस वर्षांपूर्वीचा. इंग्रजी पाटीवर साहेबाचं पूर्ण नाव, हुद्द्यासकट, आणि पुढे नुसतं 'व मजूर'. मला ते झोंबलं. मराठी पाटीवर मी एक ओळ जास्तीची टाकली – 'यांपैकी कोणास ओळखत असल्यास नाव सांगावे, येथे लिहिले जाईल.'

तिसऱ्या दिवशी पार्वतीबाई आल्या. लालबागच्या चाळीत राहायच्या, गिरणीतल्या लोकांसाठी खाणावळ चालवायच्या. पन्नाशीच्या, काटक, कपाळावर ठसठशीत कुंकू. कोणीतरी ती पाटी त्यांना वाचून दाखवली होती. त्यांनी फोटोवर बोट ठेवलं, डावीकडून चौथा. "ह्ये आमचे," म्हणाल्या.

मी खूश होऊन पेन उघडलं आणि नाव विचारलं. बाईंनी तोंडाला पदर लावला.

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्या काळी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, हे मला माहीत होतं. माझी आईसुद्धा बाबांच्या नावाचा दुकानदार बदलून दुसरीकडून वाणसामान आणायची. पण बायका त्यातून काहीतरी वाट काढतात. दुसऱ्या कोणाकडून वदवतात, देवाचं नाव घेऊन खूण सांगतात. पार्वतीबाई त्यातलं काहीच करेनात. मी म्हटलं, मग दुसऱ्या कोणाला तरी घेऊन या.

तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. लग्नानंतर दोनच वर्षांत नवरा घाटातल्या कामावर गेला तो परत आलाच नाही. मेला म्हणावं तर कोणी पाहिलं नाही. चाळीत लोक म्हणत, दुसरी बाई ठेवून पळाला. मूल नाही, सासूसासरे गेले, दीर दूर गावाला. एवढी वर्षं बाईंनी कुंकू पुसलं नव्हतं. नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं अशी समजूत, दुसऱ्याकडून वदवलं तरी ते आपणच घेतल्यासारखं, आणि त्यांच्या लेखी नवरा होता. त्यांना एवढंच हवं होतं, की त्या फोटोखाली नाव लागावं आणि चाळीतल्या लोकांनी येऊन बघावं, की हा माणूस पळालेला नाही, लाइनीवर राबत होता.

"तेंचां नाव मी घेवचंय नाय," त्या म्हणाल्या. "ते आसत."

पुढचे दोन दिवस त्या दुपारची पंगत उरकून येत, फोटोसमोरच्या बाकावर बसत आणि निघून जात. मला खरं सांगायचं तर त्यांचा राग येत होता. चार अक्षरांचा प्रश्न, आणि रविवारी मांडव उतरणार.

शुक्रवारी दुपारी मांडवात आम्ही दोघंच होतो. दारात शिपाई खुर्ची टाकून बसलेला. मी स्टुलावर चढून त्याच फोटोखाली निसटलेला कागद चिकटवत होतो. बाई डावीकडे, त्यांच्या नेहमीच्या बाकावर. आणि माझ्या उजव्या कानाशी एक पुरुष अगदी सहज बोलला, जसं खिडकीवर तिकीट मागावं तसं...

"सखाराम लक्ष्मण. लिवा."

मी लिहिलं. हो, आधी लिहिलं आणि मग वळलो. उजवीकडे मांडवाची कापडी भिंत, दुसरं काही नाही. बाई पदरानं वारा घेत होत्या, त्यांनी काही ऐकलेलं दिसलं नाही. शिपाई म्हणाला, अर्ध्या तासात चिटपाखरू आत आलेलं नाही. मी घाबरलो का? तेव्हा नाही. माझ्या हातून एक काम झालं होतं, एवढंच वाटलं.

मी बाईंना नाव वाचून दाखवलं. त्या ताडकन उठल्या. कोणी सांगितलं म्हणून विचारलं. मी सरळ थाप मारली – ऑफिसच्या जुन्या कागदांत सापडलं.

"कागदार ह्यां नाव नाय," त्या म्हणाल्या. "कागदार दिराचां नाव असा."

रेल्वेत भरती झालेला त्यांचा दीर, गोविंद. तो ऐन वेळी तापानं पडला, म्हणून त्याच्या नावावर त्याचा धाकटा भाऊ, म्हणजे बाईंचा नवरा, कामाला गेला. गिरणगावात असले बदलीचे प्रकार सर्रास चालत. पण त्यामुळे झालं काय, की कामावरून बेपत्ता झाला तो गोविंद, आणि गोविंद तर गावी घरात बसलेला. सखाराम नावाचा माणूस रेल्वेत कधी नव्हताच. मग त्याची चौकशी कोण करणार?

आता थाप चालण्यासारखी नव्हती. मी झालं ते सांगितलं. बाई रडल्या नाहीत. त्यांनी एकच प्रश्न विचारला. इतक्या वर्षांत मला तसा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारलेला नाही.

"आवाज म्हाताऱ्याचो होतो, काय तरण्याचो?"

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. नवरा जिवंत असता तर आता साठीला आला असता.

आवाज कोवळा होता. विशी-बाविशीचा. त्याबद्दल माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती.

"म्हाताऱ्याचा," मी म्हटलं.

शनिवार-रविवार दोन्ही दिवस बाई खाणावळ बंद ठेवून मांडवाच्या दारात बसल्या. येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याचं तोंड निरखून बघत होत्या. मी त्या दारानं जायचं टाळलं. मला स्वतःची शरम वाटत होती. पण चाळीतले लोक आले, त्यांनी नाव वाचलं आणि बाईंना कोणी पुन्हा काही बोललं नाही, असं मागाहून कानावर आलं.

यानंतर सात वर्षांनी, महाराष्ट्र राज्य झालं त्या साली, लालबागहून दोन माणसं सकाळीच माझ्या ऑफिसात आली. पार्वतीबाई गेल्या होत्या. चाळीत वाद पडला होता. बाईला सवाष्ण म्हणून न्यायचं की विधवा म्हणून? सगळ्यांना त्या सांगून ठेवून गेल्या होत्या, की रेल्वेतल्या एका कारकुनानं त्यांच्या नवऱ्याचा आवाज ऐकलाय, त्याला विचारा. म्हणून ते मला विचारायला आले होते.

तो आवाज कोणाचा, कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. मी नास्तिक होतो, आहे. त्या माणसांना मी सांगितलं, हो, मी ऐकलाय, म्हाताऱ्याचा होता. त्यांनी बाईंचा मळवट भरला, हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली. खांदा द्यायला घरचं कोणी नव्हतं, म्हणून एक खांदा मी दिला.