बाण कुठं जातो

राजापेठेत ट्यूशन क्लासेसच्या पाट्यांची एवढी गर्दी, पण त्यात दीपमालाची पाटी नव्हती. तरी तिवस्यापासून दर्यापूरपर्यंतचे फोटोग्राफर तिचं घर बरोबर शोधत यायचे. लग्नाच्या फोटोंनी भरलेली हार्ड डिस्क तिच्या टेबलावर ठेवली की ते मोकळे. पुढे फोटो निवडायचे, रंग नीट करायचे, पानं लावायची आणि अल्बम छापायला लॅबकडे पाठवायचा, हे सगळं मालाताईंचं काम.

ती मूळची पातूरची. माहेरी फुलांचा मळा. वडील शालिकराम शेवंतीच्या नुसत्या रंगावरून फूल आज तोडलेलं की काल, ते सांगायचे. तिची नजर त्यांच्यावरच गेली होती. लग्न होऊन अमरावतीला आली तेव्हा एका फोटो लॅबमध्ये प्रिंटवरचे धुळीचे पांढरे ठिपके बारीक ब्रशने रंगवून घालवायचं काम तिला मिळालं. गालावरच्या ठिपक्याला गालाचा रंग, शालूवरच्या ठिपक्याला शालूचा. तिने हात लावलेला ठिपका नंतर कुणाला सापडायचा नाही. पुढे कॅमेऱ्यातले रोल गेले, लॅब बंद झाली, तेव्हा ती कॉम्प्युटर शिकली. हळदीच्या फोटोत सगळ्यांची तोंडं पिवळीजर्द येतात; तो पिवळा नेमका कुठे ठेवायचा आणि कुठून काढायचा, हे तिच्यासारखं कुणाला जमत नाही, असं फोटोग्राफर आपसात म्हणायचे. नवरा ओमप्रकाश बाजार समितीत पोती तोलणारा मापारी. घर दोघांच्या कमाईवर चाललं होतं. पण गावात ओळख होती ती तिची.

जुना कॉम्प्युटर दसऱ्याच्या सुमारास कायमचा बसला. तुळशीच्या लग्नानंतर लग्नांची रांग लागणार होती. दीपमालाने दुकानात जाऊन स्वतः पसंत करून नवा लॅपटॉप आणला. फोर के स्क्रीन. पहिल्यांदा त्यावर फोटो उघडला तेव्हा मुंडावळ्यांतला एकेक मोती सुटा दिसला. ती ओमप्रकाशला हाक मारून म्हणाली, "अवो, हे पाहा, नवरीच्या पापण्या मोजता येतात."

हे कौतुक फार टिकलं नाही.

तिचं अल्बमचं सॉफ्टवेअर जुनं. नव्या स्क्रीनवर त्याची बटणं मोहरीएवढी झाली. अक्षरं मोठी करायला गेली तर सगळंच धुरकट, पावसात काचेतून पाहिल्यासारखं. रिझोल्यूशन कमी केलं तर मग नव्या स्क्रीनचा उपयोग काय? त्यात मोठं पान उघडलं की मशीन अडायचं, पंखा घोंघावायचा आणि ती हातावर हात ठेवून बसायची. आणि आणखी एक. माऊसचा बाण मधेच गायब व्हायचा. आत्ता होता, आत्ता नाही. ती माऊस जोरजोरात हलवायची, तेव्हा तो कुठूनतरी परत यायचा.

अशा अवस्थेत तिने पहिला अल्बम पूर्ण करून पाठवला. आठवड्याभराने तिवस्याच्या विपुलचा फोन आला. विपुल तिचा सगळ्यात जुना फोटोग्राफर, एरवी फोनवर आधी तब्येत विचारणारा.

"ताई, काय केलं हे? नवरीचं तोंड चुलीपाशी बसल्यावाणी काळं आलं. तिच्या बापानं अल्बम माह्या काउंटरवर आपटला."

"मी तर चांगलं उजळ पाहून पाठवलं होतं, विपुल."

"मंग लॅबवाल्यानं काळं केलं काय? अन् एका पानावर वरच्या कोपऱ्यात दुसऱ्याच लग्नातल्या माणसाचा फोटो राहून गेला. तो तं तुमाले दिसायला पाहिजे होता ना."

तिने पान उघडून पाहिलं. खरंच होतं. वर उजव्या कोपऱ्यात कुणीतरी अनोळखी फेटेवाला हसत उभा होता. त्या पानावर तिने अख्खी दुपार घालवली होती. एवढी वर्षं काम केलं, पण अशी चूक तिच्या हातून कधी झाली नव्हती.

ती लॅपटॉप घेऊन सर्व्हिस सेंटरवर गेली. तिथल्या माणसाने तो दोन दिवस ठेवून घेतला, सगळं पुसून नव्याने भरलं आणि परत दिला. "मॅडम, मशीनमध्ये काहीच प्रॉब्लेम नाही."

"नाही कसा? बाण गायब होते ना!"

"आमच्याकडे एकदाही झाला नाही."

"मंग मी काय खोटं बोलून राहिली?" तिचा आवाज चढला. रांगेतले लोक बघायला लागले. परतताना राजापेठेच्या चौकात तिची स्कूटी एका केळीच्या गाडीला घासली. गाडी उजवीकडून आली, ती तिला दिसलीच नाही. केळीवाला ओरडला, तिने माफी मागितली, आणि घरी येईपर्यंत ती मनातल्या मनात सर्व्हिस सेंटरवाल्यालाच शिव्या देत राहिली.

मग तिने स्वतः हात घातला. व्हिडिओ बघून बघून स्क्रीन चालवणारे ड्रायव्हर प्रोग्रॅम बदलले, काढले, परत टाकले. एका दुपारी असाच ड्रायव्हर टाकताना स्क्रीन काळी झाली ती झालीच. बटण दाबलं की पंखा फिरायचा, पण उजेड नाही. दीपमाला त्या काळ्या काचेसमोर बसली. काचेत तिचाच चेहरा दिसत होता. तिने दोन्ही हात टेबलावर टाकले, त्यावर डोकं ठेवलं आणि हुंदके देऊन रडली. ओमप्रकाश जेवायला घरी आला होता, तो दारातच थबकला.

"अवं, एका डब्ब्यासाठी काहून रडतं? विकून टाकू."

"डब्ब्यासाठी नाही रडत मी."

"मंग?"

तिला स्वतःलाही त्याचं उत्तर नको होतं.

तिचा धाकटा भाऊ जीवन अकोल्याला फुलांचं दुकान चालवतो. फोनवर सगळं ऐकून तो म्हणाला, "ताई, इथं किशोर म्हणून एक जण आहे. आमच्या दुकानामागच्या गल्लीत. मशीन खोलल्याशिवाय कोणाले दोष देत नाही. तू ये."

ती सकाळच्या एसटीत बसली. लॅपटॉप शालीत गुंडाळून मांडीवर धरला होता. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं, तिचं बाहेर लक्ष नव्हतं. मशीन खराब निघू दे, एवढंच ती मनात म्हणत होती. स्क्रीन फुटकी निघू दे, आतलं काहीही जळालेलं निघू दे.

किशोर चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने आधी काळी स्क्रीन जागेवर आणली. चुकीचा ड्रायव्हर काढून बरोबर तो टाकला. मग तिला सगळ्या तक्रारी विचारल्या आणि एकेक हातात घेतली. जुन्या सॉफ्टवेअरपुरती वेगळी सेटिंग केली, तशी बटणं बोटाएवढी झाली आणि फोटो मात्र तसाच बारीक, स्वच्छ राहिला. मग म्हणाला, "मॅडम, हा स्क्रीन लय भडक ठेवून दिला आहे. इथं फोटो आधीच उजळ दिसते, म्हणून तुमी त्याले अजून दाबता. छापून काळा येईन नाही तं काय?" त्याने तिच्याजवळची लॅबची प्रिंट शेजारी धरून स्क्रीन उतरवत उतरवत प्रिंटच्या रंगावर आणून बसवली. मागचं झाकण खोलून रॅम वाढवली. जे पान उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा, ते पटकन उघडलं.

दीपमालाला कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास आला. जीवनने चहा मागवला. म्हणजे दोष मशीनमध्येच होता. आपण खोट्या नव्हतो.

"आता तेवढा बाण," ती म्हणाली.

किशोरने बाण मोठा केला. माऊस बदलला. तिने फिरवून पाहिला. "गेला."

त्याने टचपॅड बंद केलं, चालू केलं. "गेला पाहा."

त्याने दुकानातला दुसरा मॉनिटर लॅपटॉपला जोडला. बाण त्या मॉनिटरवरही गेला. किशोरने डोकं खाजवलं. मग त्याने तो मॉनिटर सोडवला आणि स्वतःच्या दुकानातल्या कॉम्प्युटरला लावला. त्यावर एक नवरीचा फोटो उघडला.

"मॅडम, तुमी फक्त नवरीच्या कुंकवाकडे पाहा. नजर हलवू नका. मी बाण फिरवतो. गेला की सांगा."

बाण कुंकवापाशी होता. हळूहळू उजवीकडे, वर सरकला.

"गेला," ती म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की हा कॉम्प्युटर तिचा नाही.

किशोरने हात थांबवला. मागे उभ्या असलेल्या जीवनकडे वळून पाहिलं. "जीवनभाऊ, तुमाले दिसते काय?"

"दिसून राहिला ना. तिथंच तं आहे," जीवन म्हणाला, आणि म्हणतानाच त्याचा चेहरा उतरला.

दोघं भावंडं एकाच घरात वाढलेली. त्यांच्या वडिलांना आधी बाजूचं दिसेनासं झालं होतं. शालिकराम दाराच्या चौकटीला धडकायचे आणि चौकट पुढे आली म्हणायचे. काचबिंदू आहे हे कळलं, तोवर समोरचंही जात आलं होतं. शेवटी शेवटी ते फुलांना हात लावून विचारायचे, हा कोणता रंग आहे, माय?

"स्क्रीनचं पॅनेल बदलून द्या," दीपमाला किशोरला म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "माह्या लॅपटॉपचं पॅनेल बदलून द्या तुमी."

"मॅडम, हे तं माहं मशीन आहे."

"मंग दोन्ही खराब असतीन."

"ताई," जीवन म्हणाला.

"तू चूप बस!" ती एवढ्या जोरात ओरडली की बाहेरून जाणारी बाई थांबली. मग तिने पदर तोंडाला लावला. किशोरने मॉनिटर बंद केला आणि उगाचच स्क्रू डबीत भरत बसला. त्याला दुसरं काय करावं सुचत नव्हतं.

दुपारी जीवनने तिला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. एका अंधाऱ्या खोलीत मशीनला हनुवटी टेकवून बसायचं, मधल्या दिव्याकडे बघायचं आणि बाजूला कुठे ठिपका चमकला की हातातलं बटण दाबायचं, अशी तपासणी होती. मशीन आत टकटक आवाज करत होतं. प्रत्येक टकटकीला एक ठिपका येत असणार, हे तिला समजलं. पण कितीतरी टकटकी नुसत्याच गेल्या. ठिपका दिसला नाही तरी ती आवाजावर बटण दाबायला लागली.

"ताई, दिसला तरच दाबा," तपासणारी मुलगी म्हणाली. "उगाच दाबलं तर मशीन सांगते बरोबर."

ती परीक्षा परत पहिल्यापासून द्यावी लागली. दुसऱ्या वेळी दीपमालाने खरं खरं बटण दाबलं. फार थोड्या वेळा दाबलं.

डॉक्टरीण बाई समजूतदार होत्या, पण गोड बोलल्या नाहीत. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू आहे. उजव्याचं जास्त गेलं, डाव्याचं त्याच भागातलं थोडं. गेलेलं परत येत नाही. औषधाने उरलेलं टिकवायचा प्रयत्न करायचा. थेंब एकदाही चुकवायचे नाहीत, आणि स्कूटी आजपासून बंद.

"अन् काम?" दीपमालाने विचारलं. "माहं काम रंगाचं आहे."

"मधलं दिसतंय तोवर करा. पण एकटीच्या भरवशावर नको."

परतीच्या एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली, शेजारी जीवन. तो तिला अमरावतीपर्यंत सोडायला आला होता. बडनेरा आल्यावर तिने एकदाच विचारलं, "तू कधी तपासलं?" त्याने नाही म्हणून मान हलवली. "उद्याच्या उद्या जा," ती म्हणाली, आणि पुन्हा खिडकीकडे वळली.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. लॅपटॉप आता उत्तम चालत होता, आणि त्याचंच तिला भय वाटायचं. बिघाड होता तोवर दुरुस्तीची आशा होती. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायची, एका आकड्यावर नजर धरायची आणि बाकीचे किती दिसतात ते तपासायची. दिवसातून पुन्हा पुन्हा. ओमप्रकाशने शेवटी ते कॅलेंडरच काढून कपाटात टाकलं. त्यावरून दोघांचं भांडण झालं. ती म्हणाली, "तुमाले काय समजते? मले सांगा, पुढं मी काय करू?" तो कपाटापाशी तसाच उभा राहिला.

विपुलला सांगायला तिने बरेच दिवस लावले. एका सकाळी फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"ताई, मंग अल्बम..."

"तो काळा आलेला अल्बम मी नव्यानं करून देते. रंग मले अजून दिसते. मधलं सगळं दिसते. पण पाठवायच्या आधी एकेक पान तू तपासायचं, कोपऱ्यासकट. जमत असन तं डिस्क पाठव. नसन जमत तं मले राग नाही."

"मले विचार करू द्या, ताई," विपुल म्हणाला. त्याने पुढच्या लग्नाची डिस्क पाठवली, पण त्यानंतरची पाठवली नाही. चांदूरच्या एका फोटोग्राफरने तर फोन घेणंच सोडलं. दर्यापूरचा मात्र येत राहिला.

तो अल्बम तिने खरंच पहिल्यापासून नव्याने केला. फोटो स्क्रीनवर खाली ओढायची, डावीकडे ओढायची, प्रत्येक कोपरा नजरेच्या मधोमध आणून बघायची. एका पानाला आधीच्या चार पानांचा वेळ लागायचा. मान आखडायची. नवरीचा चेहरा यावेळी गव्हाळ आला, होता तसा. तिने तो कितीतरी वेळ बघितला आणि पान बंद केलं.

थेंब टाकायचं काम ओमप्रकाशने घेतलं. स्वतःच्या हाताने तिला नेम साधत नव्हता. पोत्याचं वजन काट्यावर तोलणारा तो माणूस इवलीशी बाटली मात्र दोन्ही हातांनी धरायचा. ती खाटेवर मान मागे टाकून बसायची, छताकडे बघत. पहिला थेंब गालावर पडायचा.

"हलू नको ना, अवं."

"मी नाही हलली. तुमी हलले."

तो तिच्या पदराने गाल पुसायचा, श्वास रोखायचा आणि पुन्हा बाटली तिरकी करायचा.